दाढ सुटली, अकरा वाजून दहा मिनिटांनी

जगात वेळेवर काहीच घडत नाही आणि त्याची नोंद कुणीतरी ठेवायलाच हवी, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो आपल्या श्रीवर्धनच्या घराला लागून राहतो. मुलांनो, तुम्ही त्यांना ओळखता. मागच्या खेपेला तुमची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा कुंपणापलीकडून मनगटाकडे बघत "चाळीस मिनिटं लेट" म्हणाले, ते हेच. सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. निवृत्तीनंतरही गाव त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणतं, आणि रागावली की त्यांची बायकोसुद्धा.

स्टँड सुटला, पण वही सुटली नाही. लांबट वही, चार रकाने: नाव, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, शेरा. जी गाडी येणारच नाही तिच्या नावावर तांबडी रेघ. पूर्वी त्या वहीत गाड्या असत, आता उरलेलं जग असतं. मासळीवाली, नळाचं पाणी, वीज, सुपारीच्या वाडीत शिरणारी वानरं, सगळ्यांना तेच चार रकाने. व्याह्यांच्या नावापुढे मी एकदा "मुक्काम अडीच तास, कारण नाही" असा शेरा वाचला. एका लग्नात मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, तर हे मागून शांतपणे म्हणाले, "सहा मिनिटं उशिरा सुटली." मी मसाल्याच्या बरण्यांवर तारखा लिहिणारी बाई, पण मलाही हे जरा जास्तच वाटे. मात्र कुठे जायचं असलं की आम्ही सगळे त्यांनाच विचारायचो. रत्नागिरी असो की नाशिक, गाडी, वेळ, बसायची बाजू, सगळं तोंडपाठ. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "थेट गाडी असताना बदलत जाऊ नका. माणूस वाटेतच राहतो."

गेल्या वर्षी त्यांना ताप आला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप गेला. गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी परत आला. वेळ न पाळणाऱ्या तापाचा दोष डॉक्टरांवर ठेवून यांनी डॉक्टर बदलला. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा ताप. मग तिसरा डॉक्टर. प्रत्येकासमोर हे नव्यानेच जात, त्यामुळे प्रत्येकाला तापही नवाच वाटे. सदरा खांद्यावर हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला. एके सकाळी त्यांची बायको आली. एरवी नवऱ्याची चेष्टा केल्याशिवाय ती चहाला हात लावत नाही. त्या दिवशी चहा तसाच राहिला. "बाई, ह्यांना घास जात न्हाय. जिना चढले की धाप लागते. वही तेवढी लिवतात."

मी दोघांना रिक्षात घातलं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?" दुसरा कुणी "असेल दहा-बारा दिवस" म्हणाला असता. यांनी वहीच पुढे ठेवली. बाई वाचायला लागल्या आणि एका ओळीवर त्यांना हसू आवरेना. "दाढ. येण्याची वेळ: माहीत नाही. सुटण्याची वेळ: ११.१०. शेरा: दोन खेपांत निघाली." मग त्यांनी पान उलटलं, आणि हसू हळूहळू गेलं. दाढेनंतर तीन आठवड्यांनी ताप. गोळ्या संपल्या की चौथ्या दिवशी ताप. तिन्ही वेळा.

"काका, हा ताप पुन्हा पुन्हा आलेला नाही. एकच आहे, गोळ्यांच्या मागे लपतोय." त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि समजावून सांगितलं. दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात गेले असावेत, ते हृदयाच्या झडपेवर बसले असावेत. थोड्या गोळ्यांनी ते दबतात, मरत नाहीत, आणि तेवढ्यात झडप कुरतडली जाते. आजच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जा, मी फोन करते. वाटेत एकही गोळी घेऊ नका. तिथे आधी रक्त तपासायला घेतील, मग औषध.

आणि इथे आमचे साहेब अडले. "आधी जिल्ह्याचं रुग्णालय, तिथली चिठ्ठी, मग मुंबई. मार्ग ठरलेला असतो."

"थेट गाडी हाय ना?" बायको म्हणाली. "मग गप बसा. जन्मभर लोकांना काय सांगत व्हतात?"

साहेबांनी बायकोचं ऐकलं. अशी नोंद त्या वहीत पूर्वी नव्हती.

निघताना त्यांनी स्वतःसाठी कोरी वही घेतली आणि जुनी माझ्या हातात दिली. मी त्यांचं नाव लिहिलं, सुटण्याची वेळ २.२५. गाडीच्या खिडकीतून आवाज आला, "सव्वीस, बाई."

मुंबईत हृदयाचे डॉक्टर, जंतूंचे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर एका टेबलाशी बसले आणि तिसऱ्या दिवशी ठरलं: झडप फार गळते आहे, औषधाचे सहा आठवडे पुरे व्हायची वाट बघायची नाही, आताच बदलायची. "तिघं तीन खोल्यांत असते, तर माझी फाईलच हिंडत बसली असती," असं ते नंतर मला म्हणाले. ऑपरेशननंतर उरलेली इंजेक्शनं घड्याळाच्या काट्यावर. पहिल्या आठवड्यात नर्सला त्यांनी बारा मिनिटांचा उशीर वहीत दाखवला, तेव्हा ती चिडली. पुढे तीच विचारू लागली, "काका, दुपारचं कितीला झालं?"

इकडे मी रोज ती जुनी वही पुसून ठेवत होते. कुठल्याही फॉर्मातली मोकळी जागा मला बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते पान मी उघडलं नाही. त्यांच्या नावापुढे येण्याची वेळ मोकळी होती आणि त्यांचं तांबडं पेन वहीतच खोचलेलं होतं.

ते आले तेव्हा निम्मे झाले होते. "वही," म्हणाले. मी ४.१० लिहिलं होतं. "गाडी थांबल्याची नाही, फाटकात पाय ठेवल्याची धरतात," म्हणत त्यांनी ४.१२ केलं आणि शेरा लिहिला: "एक भाग बदलला."

नवी झडप धातूची आहे. दुपारी वीज जाऊन त्यांच्या ओटीवरचा पंखा थांबला की ती टिकटिक चक्क ऐकू येते. बायको म्हणते, "घड्याळ मनगटावर पुरलं न्हाय, आता उरात घातलंय." ते मान वाकडी करून ऐकतात आणि म्हणतात, "वेळेवर आहे."

परवा अशीच वीज गेलेली असताना मी वही चाळत होते. तुमचं पान निघालं. तुम्हा दोघांची नावं, सुटण्याची वेळ सकाळी ६.०५. शेरा: "धाकटी मागे वळून बघत होती." परत येण्याची वेळ मोकळी. मागचं वर्ष संपलं तेव्हा त्यांनी जुन्या नोंदी निकालात काढल्या होत्या, वर-खाली कितीतरी नावांवर तांबडी रेघ होती. या दोन नावांवर नव्हती. मी म्हटलं, "साहेब, ही रेघ राहिली."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पान नीट पाहिलं आणि मिटून ठेवली.

"रद्द झालेल्या गाडीवर मारतात, बाई. ही लेट आहे."