जवळ्याच्या ढिगातली ऊब

"दिसत नाय, मंग हाय कशावरनं म्हनतंस?" ताडपत्रीच्या कडेवरचा दगड बाजूला सारत जमनाने विचारलं.

"कृष्णविवर धुरळ्याआड हाय गो आये. त्याच्या तोंडाशी पडनारं सगलं पेटतं. तो उजेड धुरळा गिलतो आनी सोता तापतो. ती ऊब दुर्बिनीला कलते."

ढगाळलं म्हणून मुरबे गावातल्या मासळी वाळवायच्या खळ्यावरचा अर्धओला जवळा काल घाईघाईने ढीग करून झाकावा लागला होता. आज ऊन पडलं होतं. जमनाने ताडपत्रीखाली हात घातला. ऊब लागली. उन्हाने ताडपत्री तापली असेल, असं धरून तिने हात काढला आणि लेकीकडे बघत बसली.

होळीला आलेली भाविका होळी उलटली तरी पुण्याला जायचं नाव काढत नव्हती. आज कुठे तिने तोंड उघडलं. दूरदूरच्या आकाशगंगांच्या पोटात खात बसलेली कृष्णविवरं शोधायचं तिचं काम. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ती सापडतात. पण नव्या जन्मलेल्या ताऱ्यांनीही धुरळा तापतो. कुठली ऊब कुणाची, हे त्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या छटा ताडून ठरवायचं असतं. हिने एकाच छटेवर भागवलं होतं. कित्येक ठिकाणी नुसते तारेच निघणार होते, आणि तिचे पुण्याचे सर ते काम परदेशात मांडायला निघाले होते. त्यांना तिने सांगितलंच नव्हतं.

पोरगी खळ्यातून सुटली म्हणून जमनाने आळीभर मिरवलं होतं. आता हीच पोर खराटा घेऊन इथे उभी राहणार की काय?

दुपारी वास सुटला. जमनाने ढीग फोडला. मधून वाफ आली. आतला जवळा काळा पडून चिकटला होता. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ताडपत्री सोडायची नाही, हे तिनेच आळीतल्या पोरींना ओरडून ओरडून शिकवलेलं. आज तिचंच ध्यान नव्हतं.

जाऊ सोमी म्हणाली, सडका खालनं घाल, वरनं चांगला पसर, संध्याकाळी हिना विकायला नेईल तेव्हा कोण उकरून बघतंय? वर हसून म्हणाली, लेक आभाळ बघते नि आयला ढीग दिसत नाय.

जमनाने पालघरच्या बाजारात बसणाऱ्या हिनाला फोन लावला. "हिना, आतला सडला. मी वरची ऊब धरली, पोटात हात नाय घातला. अर्धाच मिलल." पलीकडून बरंच ऐकावं लागलं. जमना हूं हूं करत राहिली.

ताडपत्रीचं टोक धरून भाविका उभी होती. "मी पन वरचीच धरली," ती म्हणाली.

"मंग सांग त्यांना."

"काढून टाकतील आये."

"टाकतील बी," जमना म्हणाली. खोटं बोलून धीर द्यायची तिला सवय नव्हती.

भाविका फोन घेऊन घराच्या मागे गेली. थोड्या वेळाने तिकडून इंग्रजीतलं बोलणं ऐकू आलं. मग नुसतं ऐकून घेणं. सर झापतात की समजावतात, जमनाला काही कळेना. तिने दोनदा मान वळवून पाहिलं. सडलेला जवळा पाटीत भरून माडाच्या मुळाशी ओतला, खराटा उचलला आणि उरलेला उन्हात पातळ पसरायला लागली.