नातीची कविता शेजारच्या टीव्हीवर

मित्रहो, आज सकाळी नातीने शाळेत म्हटलेल्या कवितेचा व्हिडिओ आला. आमच्या हिला नजर अधू झाल्यामुळे फोनवरचे चेहरे दिसत नाहीत. म्हटलं, दुपारी निवांत फोनचं चित्र टीव्हीवर लावून देऊ.

फोनवर एकाच नावाचे दोन टीव्ही दिसले. मी वरचा निवडला. आमचा पडदा काळाच!

एवढ्यात शेजारच्या वहिनी दारात. "अहो नाना, ऐन भांडणात आमची मालिकेतली सासू गेली आणि तुमची नात आली!"

मी ओशाळलो. ही मात्र उठलीसुद्धा. "चला, तिकडेच बघू."

वहिनींनी हिला टीव्हीला अगदी खेटून खुर्ची दिली. कविता सुरू झाली, माझ्याही शाळेत असलेली. मी डोळे मिटून ताल धरला आणि माझ्या चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. तेवढ्यात ही ओरडली, "अगंबाई, हिचे पुढचे दात पडलेत!"

सकाळपासून मी तो व्हिडिओ कितीदा लावला होता. कवितेच्या नादात नातीकडे पाहिलंच नव्हतं.

"पुन्हा लावता?" हिने हळूच विचारलं. मी वहिनींकडे पाहिलं.

"लावा हो. सासू काय, उद्याही भांडेल."

तुमच्या घरी असं कोणाला, काय मोठं करून दाखवायचं राहिलंय?