त्या रविवारी मटण शिजलं नाही

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचते, मजा येते, आणि मनात म्हणते — यांना त्या दिवशी पित्त झालं असणार! राजारामपुरीत माझी मेस आहे. क्लासला आलेली चाळीसेक पोरंपोरी दोन्ही वेळेला माझ्या हातचं जेवतात. मिस्टर गेल्यापासून बारा वर्षं हेच चाललंय. आणि स्वयंपाकघरात काही बिघडलं तर त्याला कारण असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. दूध नासलं म्हणजे पातेलं नीट घासलं नव्हतं. भाकरी चिरली म्हणजे पीठ जुनं. नजर, करणी, बाधा हे सगळं रिकामटेकड्यांचे उद्योग... असं मी म्हणायचे. अजूनही म्हणते, फक्त एक रविवार सोडून.

सानिका म्हणजे माझ्या दादाची मुलगी. दादाची गारगोटीजवळ शेती आणि सहा म्हशी आहेत. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी एक वर्ष थांबायचं ठरलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. क्लास दोन गल्ल्या सोडून, जेवणाची काळजी नाही, आणखी काय पाहिजे? आली तेव्हा छप्पन्न किलोची होती, अंगानं छान भरलेली. क्लासमधल्या कुणीतरी तिला 'मेसच्या मालकिणीची भाची शोभतेस' असं म्हटलं. ती हसली म्हणे. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मीही हसले. हे हसणं मला पुढे फार दिवस टोचलं.

श्रावणात तिनं सोमवार धरले. मग दत्ताचा गुरुवार. मग अंबाबाईचा शुक्रवार, मग मारुतीचा शनिवार. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायची, आजकालच्या पोरींत एवढं देवाधर्माचं कोण करतं! नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. दादा-वहिनी येऊन तिच्या पाया पडायचे बाकी होते. मी तिच्यासाठी केलेली शाबू खिचडी ती मेसच्या पोरांना वाढून टाकायची आणि मला म्हणायची, 'आत्ती, माझं झालं.' घट उठले, पण तिचा उपास काही सुटला नाही.

आणि स्वयंपाकात मात्र कायम माझ्या मागेपुढे. चाळीस डबे ती भरायची, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला कांदा नको, सगळं पाठ. मोबाईलवर रात्रंदिवस रेसिपी बघायची. मला वाटायचं, पोरीला आवड आहे. चाळीस जणांना जेवू घालणाऱ्या बाईला आपल्या घरातली पोरगी उपाशी आहे हे कळू नये... लिहितानाही लाज वाटते.

डोळे उघडले ते बाथरूमच्या जाळीत अडकलेल्या केसांमुळे. मूठभर केस, रोज. मग एकेक दिसायला लागलं. मार्चच्या उन्हात पंखा बंद करून स्वेटर घालून बसायची. हात धरला तर बर्फासारखा. दंडांवर तान्ह्या बाळासारखी बारीक मऊ लव आली होती. पाळी चार महिने आली नव्हती आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. बाकावर बसून बसून पाठीच्या मणक्यांवर काळे डाग पडले होते. वजन केलं तर छत्तीस किलो! आणि ती आरशासमोर उभी राहून मला विचारते, 'आत्ती, माझ्या मांड्या जाड हायत न्हाय?'

आधी नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. मग क्लासच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली तेव्हा मी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, मग घड्याळ लावून पुन्हा मोजली. मिनिटाला बेचाळीस ठोके. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया. हा हट्ट नाही, नखरा नाही, मनाचा आजार आहे आणि तो शरीराला खातोय. "सोमवारी ॲडमिट करा, त्याआधी जमलं तर आजच," म्हणाले. सानिका रडून रडून नको म्हणाली. दादाला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी मी येतो, उचलून नेऊ.

आणि मग तो रविवार उजाडला.

रविवारी मेस बंद असते. सकाळी सातला मी चहा ठेवत होते. सानिका ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ती, भूक लागल्या."

नऊ महिन्यांत तिच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. मी चहा तसाच सोडला आणि तिला मिठी मारली. हाडंच हाताला लागली. "काय खाणार बाळा?" तर म्हणाली, "मटण. तुझ्या हातचं. आणि भाकरी. आणि आईची खीर."

दादाला फोन केला. पलीकडे पन्नाशीचा माणूस हुंदके देऊन रडला. "मंगल, पेटव गॅस! मी आलोच. आता दवाखाना-बिवाखाना काय नको. पोरगी जेवाय लागली म्हंजे बरी झाली की!" मलाही अगदी तसंच वाटलं. सोमवारचं नाव मी मनातून खोडूनही टाकलं.

दहा वाजता दादा-वहिनी हजर. दोन किलो कोवळं मटण, दुधाची किटली, वहिनीच्या डोळ्याला पदर. मी एक किलो मटण फ्रीजरमध्ये टाकलं आणि एक किलो शिजायला लावलं. आलं-लसूण, खोबरं, माझी स्वतःची कांदा-लसूण चटणी. माझं मटण शिजत असलं की खालच्या दुकानातला माणूस वर बघतो, असा त्याचा वास असतो.

त्या दिवशी वासच येईना.

आधी ते वहिनीच्या लक्षात आलं. "वन्सं, सर्दी झाल्या काय मला? कायच वास न्हाय." मी पातेल्यावर नाक नेलं. लाल तर्री डोळ्यांना दिसतेय, वाफ तोंडावर येतेय, आणि वास गरम पाण्याचा! चार शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं, तुकडा दाबून बघितला. चपलेच्या टाचेसारखा. आणखी चार शिट्ट्या. तसाच. कुकर बदलला, रिंग बदलली. मेसच्या मोठ्या शेगडीवर ठेवलं. कच्ची पपई घातली. ज्योत निळीशार, सिलिंडर कालच लावलेला. अकराचे बारा झाले, बाराचा एक झाला... मटण जसं घातलं तसं होतं.

इकडे वहिनीनं खिरीला दूध तापत ठेवलं ते फाटलं. घरच्या म्हशीचं, पहाटे काढलेलं दूध! पातेलं मी स्वतः घासून दिलं, उरलेलं दूध त्यात ओतलं, तेही फाटलं. मग मी भाकऱ्या थापायला बसले. तव्यावर टाकली की भाकरीचे चार तुकडे. शनिवारी त्याच डब्यातल्या पिठाच्या शंभर भाकऱ्या केल्या होत्या मी, एकही चिरली नव्हती. दादा दारात उभा राहून म्हणाला, "मंगल, धा वर्सं मेस चालवालीस नव्हं तू?" मी पीठ झटकलं आणि त्याला सांगितलं, "तू बाहेर बस, न्हाईतर तुलाच कुकरात घालतो!" आमच्याकडे बायकाही चिडल्या की 'घालतो'च म्हणतात.

वरवर हसत होतो, पण मी सारखी कुकरशी जाऊन उभी राहत होते. पोरगी नऊ महिन्यांनी जेवण मागतेय आणि मला एक घास करता येईना! वहिनी मध्येच केळं द्यायला निघाली तर मीच ओरडले, "पोट भरवू नका तिचं, मटण होतंयच आता." सानिका मात्र शांत. पाटावर भिंतीला टेकून बसलेली, रिकाम्या ताटाकडे बघत.

शेवटी तीन वाजता भाताचा कुकर उघडला. वरचं शीत दाताखाली कचकच वाजत होतं आणि खाली नुसतं पांढरं पातळ पाणी. मी तिथेच रडले. दादानं चप्पल पायात घातली. "मी हॉटेलातनं पार्सल आणतो," म्हणाला. तेवढ्यात सानिका बोलली, "आत्ती, त्याच्यात मीठ घाल आन् ते पाणीच दे. डोळ्यापुढं अंधार याय लागलाय."

मी पेज गाळून दिली. वाटी हातात घेतली आणि मला त्या पेजेचा वास आला. गरम भाताचा, चांगला, नेहमीचा वास. दिवसभरात त्या घरात आलेला पहिला वास तो. सानिका अर्धी वाटी घोट घोट करत प्यायली. "बरं वाटलं," म्हणाली आणि तिथेच माझ्या मांडीवर झोपली. दादा चप्पल घालून तसाच उभा राहिला, मग काढून बसला. उठल्यावर तिनं पुन्हा पेजच मागितली, तीही अर्धी वाटी. पोट दुखतंय म्हणाली. पोट दुखतंय म्हटल्यावर वहिनी घाबरली, आणि म्हणून सोमवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. नाहीतर खरं सांगते, गेलो नसतो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. रिपोर्ट हातात घेऊन बाहेर आले. "काल काय खाल्लं हिनं?"

"पेज," मी म्हटलं. "पातळ. दिवसभरात वाटीभर."

"बाकी काही? मटण, भात, गोड?"

मी सांगितलं, करायचं होतं पण जमलं नाही. डॉक्टर खुर्चीत बसले. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. खूप दिवस उपाशी राहिलं की शरीर स्वतःच काटकसर करायला लागतं. ठोके कमी करतं, अंग गार ठेवतं, पाळी बंद करतं. म्हणून सुरुवातीला वजन भराभर उतरतं आणि मग खाणं आणखी तोडलं तरी अडून बसतं. स्नायू खाल्ले जातात, त्यात हृदयाचाही स्नायू आला. अशा शरीरात एकदम भरपेट जेवण गेलं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम सगळे क्षार पेशींमध्ये ओढले जातात. रक्तात ते उरत नाहीत आणि हृदयाचा ताल बिघडतो.

"हिचं फॉस्फेट आत्ताच खाली आहे, नुसत्या पेजेवर," डॉक्टर म्हणाले. "काल तुम्ही ताट भरून वाढलं असतंत तर कदाचित आज आपण इथं बोलत बसलो नसतो."

वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. दादा म्हणाला, "डॉक्टर, उपाशी म्हशीला आमी एकदम पेंड घालत न्हाय. मूठ-मूठ वाढवत न्हेतो. न्हाईतर फुगून मरतंय जनावर. हे मला ल्हानपणापासनं म्हाईत हाय..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आन् पोरीला दोन किलो मटण घेऊन आलतो मी."

बारा दिवस ती दवाखान्यात होती. सलाईनमधून क्षार आणि मोजून मोजून जेवण, रोज थोडं जास्त. पुढचं वर्षही काही सोपं गेलं नाही, ते गोड करून सांगणार नाही. पाय सुजले, पोट फुगायचं, अर्ध्या चपातीवरून घरात भांडणं व्हायची, समुपदेशनाला दर आठवड्याला जावं लागायचं. मेडिकलची परीक्षा तिनं सोडली. आता इथेच कॉलेजला आहे. वजन मी विचारत नाही, डॉक्टरांनी तशी ताकीदच दिली आहे. पण परवा रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला आणि तो गरम होता. एवढ्यावर मी आठवडाभर खुशीत होते.

त्या रविवारचं म्हणाल तर मी सगळं तपासलं. गॅसवाल्याला बोलावलं, दोष नाही. त्याच डब्यातल्या पिठाच्या भाकऱ्या सोमवारी संध्याकाळी पोळपाटाएवढ्या फुगल्या. फ्रीजरमधलं उरलेलं एक किलो मटण, त्याच बोकडाचं, आठवड्याभरानं त्याच कुकरमध्ये चार शिट्ट्यांत लोण्यासारखं शिजलं, आणि खालचा दुकानदार वर बघून गेला. नुसतं दूध फाटलं असतं तर मी काहीतरी कारण शोधलं असतं. पण चारही पदार्थ एका दुपारी? आणि वास? तिघांच्याही नाकाला?

एक शंका मात्र माझ्या मनात होती, बायकांच्या मनात येणारच. पोरगी आजारी होती. जेवण टाळायला तिनं काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. तिनंच तर काही घातलं नसेल? दूध तरी फाटवता येतं. दीड वर्ष मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो तेव्हा विचारून टाकलं. "सानिका, रागावणार नाही. त्या दिवशी तू काही केलं होतंस का गं?"

ती सोलायची थांबली. "न्हाय आत्ती," म्हणाली. "मी कसं करीन? मी तर ठरवूनच बसलोतो. नऊ महिने म्या काय म्हणून जेवलो न्हाय ते माझं मलाच कळत नव्हतं, आन् त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता खावं. सगळं खावं. तुम्ही सगळी खूश होताय तर पोट फुटंस्तवर खावं. ताटात तू जे वाढलं असतंस ना, एक शीत ठेवलो नसतो."

मी मटार सोलत राहिले. कोणी केलं ते मला माहीत नाही, आणि ज्यानं केलं त्यानं बारा वर्षांत एकदाच माझी अब्रू घालवली. त्याला माझा दंडवत.