चार माणसांची वीज

आमच्या घरात मी एकटा राहतो आणि मला वीज चार माणसांची लागते. (यात काही विचित्र आहे, हे मला लोकांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.)

वाशिंदच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर किन्हवलीच्या पुढे आमच्या शेतातच घर बांधलं. विजेचा शेवटचा खांब गावात थांबलेला, तो काही आमच्यापर्यंत आला नाही. माझी बायको शांता कंदिलावर सुखाने राहिली. ती गेली आणि घर एकदम मोठं झालं. ठाण्याला नोकरी करणारी आमची लेक सविता तर राहायला यायचं नाव काढेना.

"बाबा, पंखा नाय, टीव्ही नाय, मोबाईल चार्ज करायला गावात जायचं. मी तिथं करू काय?"

"माझ्याशी बोल की!"

"ते फोनवर बोलतोच ना आपण."

बोलत होतो. दर रविवारी, दोन मिनिटं! मग मी ठरवलं, पंखा फिरलाच पाहिजे. पंखा फिरला की मे महिन्यात लेक आठ दिवस येईल. त्यासाठी सोलर बसवायचं, आणि तेही स्वतःच्या हाताने. फिटरने दुसऱ्याकडून वायर जोडून घ्यायची म्हणजे आचाऱ्याने खानावळीत जेवण्यासारखं!

कल्याणच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, लोड किती?"

"भरपूर!"

"तसं नाही चालत. घरात माणसं किती?"

इथे मी अडकलो. शांता जाऊन दोन वर्षं झाली होती, पण 'एक' म्हणायला जीभ वळेना.

"चार," मी म्हणालो.

"मग दोन पंखे धरू. टीव्ही? मिक्सर?"

"धरा ना!"

"मिक्सर एवढ्यावर नाही चालणार हां."

"मग राहू द्या," मी मोठ्या मनाने म्हणालो. (आमच्याकडे मिक्सर नव्हताच.)

त्याने दोन प्रकारची पॅनेलं पुढे ठेवली. एक काळं, एक निळं. काळं महाग, जागा कमी घेतं. निळं स्वस्त, जागा जास्त घेतं. मी दोन्ही बोटाने वाजवून पाहिली. माठ घेताना वाजवतात ना, तशी! दुकानदार म्हणाला, "काका, काच आहे ती." मी निळंच घेतलं. आमच्या जयभीमवाल्या घरात निळ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. पंचाहत्तर वॅटची दोन निळी पॅनेलं, गाढवाएवढी जड बॅटरी, इन्व्हर्टर आणि एक चार्ज कंट्रोलर असा संसार टेम्पोतून घरी आणला.

थंडीचे दिवस होते. दोन दिवस पत्र्यावर चढून पॅनेलं बसवली आणि खाली उतरून छाती फुगवून उभा राहिलो. तेवढ्यात पलीकडच्या शेतातल्या यमुनावहिनी आल्या. त्यांनी एकदा पॅनेलांकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे.

"भावजी, ऊन तर हिकडून येतंय. तुमी त्यांचं त्वांड तिकडं का केलंय?"

गाव आमच्या उत्तरेला. गावातून दिसावीत म्हणून मी पॅनेलांचं तोंड गावाकडे करून ठेवलं होतं! बिचाऱ्या सूर्याचा मी विचारच केला नव्हता.

पॅनेलं फिरवली आणि चमत्कार झाला. सकाळी दहालाच बॅटरी भरायची. मी लगेच सविताला कळवलं.

"पंखा फिरतोय गो! कधी येतेस?"

"बघू."

हे 'बघू' मार्चपर्यंत चाललं. सविताच्या खोलीतला पंखा मी रोज तासभर लावून ठेवायचो. वीज उरतच होती. चार माणसांची वीज एकटा माणूस खाणार किती?

गावात तेव्हा दिवसभर लोडशेडिंग. एके दिवशी यमुनावहिनी मोबाईल घेऊन आल्या. "भावजी, जरा लावता?" मी लावला. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. आठवड्याभरात माझ्या टेबलावर अकरा मोबाईल! मला वाटलं, आता घरात वर्दळ होईल, चहा होईल, गप्पा होतील. पण बाया सकाळी मोबाईल ठेवून कामावर जायच्या आणि संध्याकाळी उचलून घरी. माणसं गेली, मोबाईल राहिले. सगळे दिवसभर वाजायचे आणि त्यातला एकही माझ्यासाठी नाही!

मग काय, मी ते उचलायला लागलो. कुणाशी तरी बोलणं व्हायचं. एकदा यमुनावहिनींचा वाजला.

"मुरबाडहून बोलतोय. तुमच्या मुलीच्या स्थळाचं विचारायचं होतं. यमुनाबाई आहेत का?"

"त्या बांधावर भांडायला गेल्यात."

"आणि मुलगी?"

"तीपण गेलीय. खरं तर तिनेच सुरू केलं!"

स्थळ मोडता मोडता राहिलं. संध्याकाळी वहिनींनी अंगणात उभं राहून हुकूम काढला. "भावजी, आजपासून कुणाचा बी फोन उचलायचा नाय! वाजला तर वाजू द्या!" मी बुद्धाची शपथ घ्यायला निघालो होतो, पण त्यांनी तसाच विश्वास ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी बारावा मोबाईल आला. जागा नव्हती, म्हणून मी माझा काढला आणि त्या बाईचा लावला. (कुणाला नाही म्हटलं तर उद्या ती येणार नाही, ही धास्ती!) माझा कुठे ठेवला ते विसरलोही.

रविवारी सकाळी यमुनावहिनींचा मोबाईल वाजला. मी हाताची घडी घालून बसलो. मग शेजारचा वाजला. मग तिसरा, मग चौथा. पुन्हा पहिला! तासभर ते असे आळीपाळीने वाजत होते आणि मी शब्दाचा पक्का माणूस, समोर बसून ऐकत होतो.

तीनच्या सुमाराला किन्हवलीची जीप बांधाशी थांबली आणि सविता रडत धावत आली. मला बघून ती दारातच बसली.

"बाबा! जिवंत हाव तुमी?"

"का गं?"

"तुमचा फोन बंद! यमुनाकाकूला लावला, उचलत नाय. चौघींना लावला, कोणच उचलत नाय! मला वाटलं, सगळं गाव तुमच्या मयतीला गेलंय!"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. ती हसली, मग पुन्हा रडली, मग मला खूप बोलली. इतकं माझ्याशी ती वर्षभरात बोलली नव्हती. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. रात्री ती पंख्याखाली झोपली आणि सकाळच्या जीपने गेली. मे महिन्याचं विचारलं तर म्हणाली, "बघू."

तेव्हापासून माझा मोबाईल पहिला लागतो, असा तिचा हुकूम आहे. पण माणसाला मोह होतोच. पुढच्याच महिन्यात एका रविवारी मी तो मुद्दाम बंद केला, स्वच्छ सदरा घातला आणि जीपची वाट बघत ओट्यावर बसलो. अर्ध्या तासाने पलीकडच्या शेतातून, दहा बायकांच्या देखत, यमुनावहिनींनी हाळी दिली. हल्ली त्या मोबाईल कमरेला खोचून हिंडतात.

"भावजी! सविता म्हनते, तुमी मेला नाय ते तिला म्हाईत हाय! मोबाईल चालू करा!"

बायका खो खो हसल्या. मी मुकाट्याने मोबाईल चालू केला. बॅटरी फुल होती!