थर सुटेपर्यंत

भाऊ गेल्यावर वहिनी कारखान्यात लागल्या. फळांच्या साली नि गर आंबवून जे पाणी होतं, त्यातलं आम्ल वेगळं काढायचं, हे तिथलं काम. त्या आम्लाला खवट लोण्याचा वास. वहिनी घरी आल्या की पुतणी दारातूनच ओरडायची, "आधी मोरी, मग आई!"

नोकरी अजून कच्ची होती. ती टिकली नसती तर वहिनी लेकीला घेऊन दूरच्या गावी, आपल्या भावाकडे जाणार होत्या. घरात कोणी तसं बोलत नव्हतं, पण माळ्यावरची ट्रंक खाली आली होती.

काम दिसायला सोपं. टाकीत आंबवणाच्या पाण्यावर तेलासारखं द्रावक ओतायचं, पातं हळू फिरवायचं आणि थांबायचं. आम्ल द्रावकात जातं, द्रावक वर तरंगतं, खालचं पाणी तोटीने सोडून द्यायचं. पण वहिनींचा जन्म ताक घुसळण्यात गेलेला. जास्त घुसळलं की जास्त निघतं, या हिशेबाने एके दुपारी त्यांनी पातं जोरात सोडलं. टाकीभर पांढरा फेस! थर काही सुटेना.

तिथल्या फोरमनला सगळे कटकटे म्हणत. त्याने टाकीच्या काचेतून डोकावून पाहिलं.

"काय ताई, आलं का लोणी वर?"

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. "मी आपली घरी जाते."

"जाता कुठं? केलंय ते निस्तरा आधी. मीठ आणा, त्यानं फेस फुटतो."

मीठ पडलं, टाकीभोवती कोमट पाणी फिरवलं, पातं बंद केलं. तरी वहिनींचा हात सारखा बटणाकडे.

"हात मागे बांधा!" कटकटे खेकसला. "स्वस्थ बसणं म्हणून काही असतं की नाही?"

सुटी झाली तरी तो गेला नाही. बादली पालथी घालून शेजारी बसून राहिला. दिवेलागणीला काचेत एक रेघ उमटली आणि तिच्याखाली पाणी निवळू लागलं.

साहेबांनी विचारलं तेव्हा कटकटे म्हणाला, "पातं किती फिरवायचं ते मीच सांगितलं नव्हतं." खरं तर पहिल्या दिवसापासून तो दुसरं काही सांगतच नव्हता.

"माल हाती लागला ना? मग झालं," साहेब म्हणाले. पुढे वहिनी कायम झाल्या. आभार मानायला गेल्या, तर हा म्हणतो, "ते राहू द्या, तोटी गळतेय तिकडे."

त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही. पुतणी समोर बसून गणितावरून माझ्याशी हुज्जत घालते, तेव्हा मात्र मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो.