उंदरांचे फुटाणे

सुकदेवभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला, "जेवले होते का गं?" "हो मावशी, जेवूनच आडवे झाले होते..." मग मात्र मला रडू आवरेना.

नव्वदच्या दशकातली सुरत. औषधी वनस्पतींच्या अर्कांनी काही अपाय होतो का, हे मी एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर तपासत असे, आणि त्या उंदरांची देखभाल भाऊंकडे होती. मूळचे धुळ्याकडचे. सुरतेजवळच्या कडोदऱ्याला कापडाच्या लूमच्या खडखडाटात एक कान गेला, तेव्हा आमच्याकडे आले. उंदरांशी अहिराणीत बोलायचे, साहेबांशी मोडक्यातोडक्या गुजरातीत. "ताई, हे काय? ते कशाला?" करून माझं डोकं खायचे. सांधेदुखीवरच्या एका मुळीचा अर्क तपासायला आला आणि ते रोज विचारू लागले, "चांगलं निघेल ना?" त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, गुडघ्यांमुळे उठता-बसता येत नव्हतं.

अर्क पाजण्याआधी उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचे असतात. उपाशी उंदराचं वजन सकाळी थोडं तरी उतरायला हवं. आमच्या उंदीरमहाराजांचं जिथल्या तिथे! असं कसं? मी काटा बदलला, पुन्हा पुन्हा वजनं केली, खुळ्यासारखी आकडे बघत बसले. उंदीर ठणठणीत होते हे मात्र खरं. अहवाल लिहायचा बाकी होता, पण मला कुठला दम! मीच भाऊंच्या हातात अर्काची बाटली ठेवली, "घ्या, वहिनींना द्या."

भाऊ दारापर्यंत गेले... आणि परत आले. बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, उंदीर उपाशी नव्हते. मी संध्याकाळी फुटाणे टाकायचो. उपाशी पोटे दवाई कोन देस?"

मी कडाडले, "एवढ्या महिन्यांचं काम मातीत घातलंत!"

"नोकरी गेली तर जाऊ द्या. पण आमची ही आठवड्यातून तीन दिवस उपास करते. तिला नाही सोसलं तर?"

साहेबांनी आधी मला झापलं, मग भाऊंना. नोकरी मात्र राहिली. चाचणी नव्यानं घेतली, खरोखर उपाशी उंदरांवर. निम्मे दगावले, उरलेल्यांची लिव्हरं खराब निघाली. भाऊंनी ते पिंजरे एकट्यानं धुतले. ती बाटली घरी गेली असती तर... माझ्याच हातानं गेली असती. ती भीती अजून जात नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेले. चतुर्थी होती. रक्तदाबाची गोळी हातात घेऊन त्या थांबल्या, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, चार फुटाणे चावून खाल्ले आणि मग गोळी घेतली.

"वहिनी, उपास मोडला की!"

"मोडू द्या. देव रागावला तर मी बघतो, असं हे म्हणायचे." मग डबा माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं, "तुम्ही काही खाऊन निघालात का?"