सारवणबाईंचं ‘शे’

आमच्या मॅडम वर्गात इतकं शुद्ध बोलायच्या, की पुण्याहून आलेल्या मुलीसुद्धा त्यांच्यासमोर जपून तोंड उघडायच्या. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्यांचं सगळं व्याकरण गळून पडायचं. हवं ते दिसलं, की एकच शब्द बाहेर पडायचा, ‘‘शे!’’ मॅडम मूळच्या देवळ्याकडच्या, आणि ही त्यांच्या आईची अहिराणी. शे म्हणजे आहे. दिसलं नाही तर त्या काही बोलत नसत, नुसता चष्मा पुसत. एम.एस्सी.ची दोन वर्षं आम्ही बाराजणी त्या एका अक्षरासाठी जीव टाकत होतो.

मुलींनी त्यांचं नाव ‘सारवणबाई’ ठेवलं होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आतड्याचं अस्तर शिकवताना त्या फळ्याकडे फिरकत नसत. टेबलावर तळहात गोल फिरवत चक्क सारवून दाखवत. म्हणत, ‘‘मातीची जमीन आहे. रोज पाय पडणार, पोपडे निघणार. म्हणून परत परत सारवायचं. आतडं चार-पाच दिवसांत ही अख्खी जमीन नवी करतं, आणि सारवणारीला एक दिवस सुट्टी नाही.’’

ती सारवणारी म्हणजे एन्झाइमं. काही एन्झाइमं प्रथिनांना साखरेचे कण चिकटवतात, त्यातून अस्तरावरचा बुळबुळीत थर तयार होतो. मॅडमचा जीव मात्र एकावरच होता, अल्कलाइन फॉस्फटेजवर. आतड्यात मेलेल्या जंतूंच्या कवचांचे विषारी तुकडे पडलेले असतात. हे एन्झाइम त्यांच्यावरचा फॉस्फेट छाटून टाकतं, विष बोथट होतं आणि अस्तर सुजण्यापासून वाचतं. ‘‘विंचू मारत नाही, नांगी तेवढी मोडतं,’’ हे वाक्य म्हणताना मॅडम नकळत टाचा उंचावायच्या. साठीला आलेली बाई, पण अशी उभी राहायची जणू ही बातमी आत्ताच हाती आली आहे! मी तर पहिल्याच तासाला पाघळले आणि प्रोजेक्टला हाच विषय मागून घेतला.

काम सांगायला सोपं होतं. कोंबडीचं ताजं आतडं आणायचं, ब्लेडने पातळ काप घ्यायचा, त्यावर एक द्रावण सोडायचं. एन्झाइम जिथे जागं असेल तिथे निळा रंग उमटतो. शनिवारी परीक्षा होती. रंग आला नाही तर प्रोजेक्ट नापास, वर्ष वाया, आणि पुढे संशोधनाला जायचं माझं स्वप्न घरातच गुंडाळलं जाणार. घर पंचवटीत, वडील यात्रेकरूंची पूजा सांगणारे. चिकनच्या दुकानाची पायरी मी जन्मात चढले नव्हते. सोमवारी तोंडाला स्कार्फ बांधून गंगापूर रोडच्या एका दुकानात गेले आणि चोरासारखी पिशवी घेऊन पळत सुटले.

लॅबमध्ये आल्यावर ते आतडं मी उभं चिरलं, मीठ लावलं, चमच्याने घासलं, कढत पाण्याने तीनदा धुतलं. अगदी लख्ख केलं. काप घेतला, द्रावण सोडलं, अर्धा तास थांबले. काही नाही. मॅडमनी डोळा लावला आणि चष्मा पुसला. बुधवारी पुन्हा तेच. मला वाटलं, धुण्यात कसर राहिली असेल, म्हणून गुरुवारी आणखी जोर लावला.

त्या दिवशी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून नळ बंद केला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, घाण काढतेय.

‘‘अगं, ती घाण नाही. तेच तर सारवण,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेच खरवडलंस आणि वर कढत पाणी ओतलंस. एन्झाइम उरेल कुठून?’’

मग म्हणाल्या, ‘‘आम्ही बौद्ध. गावात माझ्या आईला पाणी वरून ओतायचे. चुकून तिचा हात तांब्याला लागला, तर तांब्या राखेने घासून घ्यायचे. जास्त घासलेली वस्तू मला लगेच ओळखू येते.’’

आवाजात राग अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप आमच्या घरी खिडकीत उपडा असतो. तो मी रोज बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी स्कार्फ न बांधता गेले. आतडं बर्फावर ठेवून आणलं, थंड मिठाच्या पाण्यात एकदाच बुडवलं, आणि तसंच बुळबुळीत बोटांत धरून काप घेतला. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत मागे उभे. द्रावण सोडलं आणि डोळा लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग अस्तरावरच्या बोटांसारख्या इवल्या उंचवट्यांच्या कडेने कुणीतरी निळ्या पेनाने गिरवत निघावं तशी रेघ उमटायला लागली! एका बोटावर, दुसऱ्यावर, मग सगळ्यांवर, आणि फक्त कडेला, जिथे जंतूंशी गाठ पडते नेमकी तिथेच. परीक्षकांनी विचारलं, ‘‘काय, आहे का एन्झाइम?’’

‘‘शे!’’ मी ओरडले.

परीक्षक गोंधळून मॅडमकडे बघायला लागले. मॅडम पुढे आल्या, डोळा लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मायक्रोस्कोपवरून शुद्ध मराठीत बोलल्या, ‘‘आहे. अगदी स्पष्ट आहे.’’

ती त्यांची शेवटची परीक्षा होती. महिनाअखेर निवृत्त होऊन त्या देवळ्याला निघून गेल्या. मी आता शिकवते, आणि दरवर्षी कुणाच्या तरी मागे उभी राहून नळ बंद करते.

त्या दिवशी परीक्षक गेल्यावर माझ्या घशाला कोरड पडली होती. मॅडमनी त्यांची पाण्याची बाटली पुढे केली. आमच्या घरी कुणीच बाटलीला तोंड लावत नाही, सगळे वरून पितात. मी तोंड लावलं आणि घटाघटा प्यायले. परत देताना सवयीने बाटलीचं तोंड पुसायला माझी ओढणी वर आली.

‘‘राहू दे,’’ मॅडम म्हणाल्या. बाटली माझ्या हातातून घेतली आणि उरलेलं पाणी तसंच पिऊन टाकलं.